नवा पाला, सईच्या हातचा

मी मूलची, बाई. जलम तिथलाच आन लगीन बी तिथंच, या गल्लीतून त्या गल्लीत, सासरच्या ओट्यावरून माहेरचं दार दिसे, मनजे रुसून माहेरी जाचं मनलं तं राग निवाच्या पह्यलेच घर ये. आमचं घरानं मनियाराचं. सासरा बांगड्या भरे, नवरा बांगड्या भरे, आन पराया बायाईच्या घरात मरद मानूस आतपर्यंत कसा जाईन, मनून मी डोक्यावर टोपली घेऊन नवऱ्याच्या मांगं मांगं निंगाली. मूलच्या भवतालची सारी खेडी आमची होती. सारा जलम लोकाईच्या मनगटाईत गेला. नाव मायं जैबुन. हे नाव ध्यानात ठेवा, याच नावाचं मले आता भेव लागून राह्यलं.

तुमी आल्या तवापासून इचारून राह्यल्या, फागनात कोनता पाला निंगते, कोनतं फूल खाते, कसं शिजवते. सांगीन न, सारं सांगीन, रोजा हाये तं पानी पेता येत नाई, तोंड चालवाले काय बंदी हाये. पन बोलता बोलता मायं ध्यान तिकडं गेलं तं राग नोको धरा. ते पाहा, घरामांगं चिचीच्या झाडाखाली आकडीचा बांबू घेऊन जे बुढी वर पाहून राह्यली न, ते मायी सई. मी तिच्या घरात हावो, तिच्याच बाजीवर निजते, तिच्याच चुलीचं खाते, आन ते मायासंगं बोलत नाई. रोज येक शब्द बोलते, बस. तो बी सांगीन, पन मंग. आन पाल्याचं नुसतं नाव लिवून काय होते बाई, तो कोनाच्या हातचा खाल्ला ते लिवा.

या गावात मी पह्यल्यांदा आली तवा सई नवी नवरी होती. हेच घर, तवा कौलाचं होतं, ह्याच धानाच्या बांध्या, मांगं तलाव, आन तलावाच्या पाळीवर ते पिपर. मी बांगड्या भराले बसली तं तिचा हात मनजे लाकूड. धानाची रोवणी करून करून बोटाचे सांधे असे कडक झालते का हिरवी बांगडी सांध्यावर अडे आन कट्कन तुटे. येक तुटली, दुसरी तुटली, तिची सासू बोंबलून राह्यली, ते रडून राह्यली आन मले आलं हासू. मंग मी तिच्या हाताले तेल चोळलं, अंगठा तळव्यात दाबला, तिले मनलं माया डोयात पाह्य, हाताकडं पाहू नोको. तिनं पाह्यलं आन बांगड्या सरसर गेल्या. रडता रडता ते बी हासाले लागली.

घरात त्या दिवशी बांगड्याईसाठी द्याले काई नव्हतं. तं तिच्या सासूनं काय केलं, मायी ओटी भरून पिपरीचे कोंब टाकले. मी शहरची, मले काय ठाऊक. मी मनलं, मावशी, हा ढोराचा चारा देऊन राह्यली काय मले. बुढी मने, बस खाली, आज खाऊनच जाजो. पिपर मनजे पिंपळाचीच धाकटी बहीन समजा. फागन लागला का आठ-चार दिवसात सारी पानं झाडते, निखळ उघडी होते, मंग लाल-गुलाबी कोंब येते, बोटाच्या पेराएवढे. ते मिटले हायेत तवरच तोडाचे. येकदा का उघडून पान झालं तं घशाले लागते, मंग ढोर बी तोंड लावत नाई. ते कोंब उकडाचे, पानी फेकून द्याचं, हातानं पिळाचे, आन हरभऱ्याची दार, लसून, सुकी मिरची, वरतून चिचीचं पानी. मी तीन वेळा मांगून खाल्लं, काऊन खोटं बोलू.

तवाच त्या बुढीनं आमचं सईपण बांधलं. मने, तुमी दोघी डोयात डोये घालून हासल्या, आता तुमी सई. आमच्या दोघीच्या लुगड्याचा येक येक धागा काढून मनगटाले बांधला, पह्यला घास तिच्या हातून माया तोंडात आन माया हातून तिच्या तोंडात. आन कायदा सांगतला. आता येकमेकीचं नाव घ्याचं नाई, सई मनाचं. दरसाली नवा पाला निंगाला का पह्यला घास येकमेकीच्या हातचा, त्याच्या पह्यले दोघीतल्या कोनीच तोंडात टाकाचा नाई. आन ज्या साली हे चुकलं त्या साली सईपण सुटलं. मंग तू तिले नावानं बोलाव, ते तुले नावानं बोलावन, बाजारातल्या लोकावानी. घरी गेली तं मायी सासू भडकली, हिंदूच्या घरून धागा बांधून आली मने. सासरा मोठा गमत्या, तो मने राहू दे वं, धागाच हाये, दुसऱ्या मनियाराची बांगडी तं नाई न भरून आली.

तवापासून येक साल चुकलं नाई, बाई. मूलच्या घरामांगं मायी सांदवाडी होती, चुलीयेवढी, पन होती. त्यात येक कडुलिंब, येक शेवगा, येक हेटी, मनजे तुमचा हादगा. मायं कॅलेंडर तेच. हेटीची पांढरी फुलं सरत आली, शेवग्याले फूल आलं, का समजाचं थंडी चालली. कडुलिंबाची पानं पिवळी पडून आंगनात गळाले लागली, झाडू झाडून कंबर गेली, का मी नवऱ्याले मनो, सईची पिपर उघडी झाली असन. तो काई इचारत नसे, हिरव्या बांगड्याईचा डब्बा भरे. आमी इथी पोचलो तवा कोंब तयारच राहे. ते वाट पाहे. घरातले सारे खाऊन राह्यले, लेकरं खाऊन राह्यले, आन ते येकटी मिरची-भात खाऊन पाळीकडं पाहत बसे, मायी सई आली नाई मने. असली जिद्दी.

माया नवरा गेला ते साल बी फागनच होता. मी इद्दतीत बसली होती, उंबरठ्याच्या बाहीर पाय टाकाचा नाई. मी मनलं, गेलं या सालचं, आता सईपण बी गेलं. तं ते येक दिवस दारात उभी. ओल्या फडक्यात कोंब बांधून, एस्टीत उभ्यानं आली. मायाच चुलीवर शिजवलं. माये हात रिकामे होते, बांगड्या फुटल्या होत्या. तिनं त्या मनगटाकडं पाह्यलं नाई, डोयात पाह्यलं, आन घास दिला. मंग आमी दोघी रडलो. अशी हाये ते. मनून तं जीव जळते माया.

आता मायाच लेकाचं ऐका. सलीम माया, येकच. घुग्घुसले गाड्या दुरुस्त करते, कोळशाच्या मोठ्या मोठ्या गाड्या. मांगच्या पान्यानंतर मने, अम्मी, येकटी काऊन राह्यते, चाल. मूलचं घर भाड्यानं देल्लं आन नेलं मले तिथी. काय सांगू तुमाले, घर चांगलं, सून चांगली, फ्रिज हाये, पंखा हाये. पन आंगन नाई. येक डब्ब्यात पुदिना लावला तं सकाऊन धुवा, संध्याकाळी काळा. रस्त्याच्या काठी येक कडुलिंब हाये, त्याची पानं पिवळी झाली का हिरवी हायेत, हे कोन सांगन, सारी धुळीनं येकाच रंगाची. दिवसभर गाड्या धडधड. कोकिळा बोलली बी असन तं ऐकू कसी येईन. मी सुनेले इचारो, कोनता महिना चालू हाये वं, तं ते मोबाईल पाहून सांगे. पह्यल्यांदा मायं असं झालं का फागन आला आन मले समजलाच नाई.

रमजानचा चांद दिसला आन मी सलीमले मनलं, बाबू, मले सईकडं जाचं हाये. तो मने, इतवारी जाऊ. इतवारी गाडी फसली. मंग मने पुढच्या इतवारी. त्या इतवारी डबल ड्युटी. आज नाई उद्या, आज नाई उद्या. मी मनलं, मी येकटी जाते, तं सून मने अम्मी, रोजात चक्कर येईन, लोक आमाले काय मनतीन. मी काय लेकरू हावो. डोक्यावर टोपली घेऊन जलमभर फिरली मी, रोजे धरून फिरली, आन हे मले चक्कर शिकवून राह्यले.

मंग काय झालं, सईच्या लेकाचा, रामदासचा, फोन आला. मी नमाज पढून राह्यली होती, फोन सलीमनं घेतला. रामदास मने, माय कोंब तोडून बसली, खाऊन नाई राह्यली, मावशीले कधी आनता. आन माया शहाण्यानं काय मनावं. मने, अम्मीनं तं इथी बाजारातूनच आनून खाल्ली नवी भाजी, मावशीले मना तुमी बी खाऊन घ्या, अम्मीची वाट नोका पाहू. उंटावरून शेळ्या हाकल्या त्यानं. आन मले सांगतलं बी नाई. मायासमोर भजे खात बसला इफ्तारीले.

मले कसं समजलं, तं सुनेच्या तोंडून निंगालं. भाजी निवडता निवडता मने, आता अम्मी तुमाले घाई नाई, मौसीनं खाल्लं असन, यानं सांगतलं फोनवर. मी हातची जुडी खाली ठेवली. मी सलीमले इचारलं, तू असं मनला. तो मने, अम्मी, बुढी उपाशी बसली होती, मले वाटलं तेवढंच सुटन बिचारी. भाजीच तं हाये, अम्मी. भाजीच तं हाये, मने. त्याचं मन वाईट नाई बाई, मले ठाऊक हाये, थकून येते, ग्रीसचे हात धुवाले बी त्याले अर्धा घंटा लागते. पन मी जलमभर जे पाळलं ते त्यानं येका फोनात मोडून टाकलं, आन वरतून मले मने तुमी टेन्शन काऊन घेता. मी त्या रात्री त्याच्यासंगं बोलली नाई. पहाटे सहेरी खाल्ली, पिशवीत दोन लुगडे टाकले, चपला घातल्या आन निंगाली. सून दारातून अम्मी अम्मी करत राह्यली. मी मनलं, चक्कर आली तं तिथीच पडीन, तुमाले तरास नाई देनार.

घुग्घुसहून चंद्रपूर, चंद्रपूरहून मूल, मूलहून काळीपिवळी. गळा सुकून गेलता. मूलच्या स्टँडवर मी पाह्यलं तं कडुलिंब सारे गळून नवी पानं आलेले, लालसर, चमकून राह्यले. मी मनातल्या मनात हिसाब लावला, कडुलिंब असा तं पिपर कशी. तरी मनलं, सावलीकडच्या फांदीले येखांदा कोंब राह्यला असन. उतरली आन घराकडं नाई गेली, पह्यले पाळीवर गेली. पिपर हिरवीगार, बाई. येक कोंब नाई. वाऱ्यानं सारी पानं सळसळ करून राह्यली, कोनी पाह्यलं तं मनन काय सुंदर झाड. मले तं त्याले दगड माराव वाटला.

घरी आली तं सई लाखोळी पाखडून राह्यली होती. वर पाह्यलं. सूप थांबलं. मंग पुन्हा पाखडाले लागली. तिच्या सुनेनं मले लोटीभर पानी आनून देल्लं, तं सई उठली, लोटी उचलली आन परत माठाजवळ नेऊन ठेवली. रोजा हाये हे तिच्या ध्यानात होतं. पन शब्द नाई. मी मनलं, सई, मी खाल्लं नाई. पोट्टा खोटं बोलला. रोजा तोंडात हाये माया, रोजात मी खोटं बोलीन काय. ते लाखोळी पाखडतच राह्यली.

मंग तिच्या सुनेनं मले बाजूले नेऊन सांगतलं. मने, मावशी, फोन आला तवा कोंबाचा गंज चुलीवर होता, सासूबाई मनून राह्यल्या होत्या मूलले घेऊन गेलती तशी मी सईकडं घेऊन जाते, घुग्घुस कुठी हाये ते इचारून ठेव. रामदासनं सांगतलं का मावशीनं तिकडंच खाल्लं. तं सासूबाईनं गंज उतरवला, ढोराच्या टाकीत उलटा केला आन वावरात चालल्या गेल्या. खाल्लं नाई त्याईनं. येक कोंब नाई खाल्ला. मी मनलं, मंग झालं न बापा, तिनं खाल्लं नाई, मी खाल्लं नाई, कायदा तं पुरा पाळला. पन पाळून काय उपेग, पिपर तं पान होऊन बसली. घास देल्ला कोनी कोनाले. साल तं चुकलं.

तवापासून हे असं हाये. ते बोलत काऊन नाई हे मले समजते, बाकीच्याईले नाई समजत. रामदासले वाटते माय रागात हाये. राग नाई तो नुसता. ते बोलन तं मले काईतरी मनन न. सई मनाव तं साल चुकलं, आन नाव घेतलं तं मंग संपलंच सारं. मनून ते तोंडच उघडत नाई. मले बोलवाचं असन तं ताटली वाजवते. लोक ढोराले बी हाक मारते, बाई, मले ताटली वाजवते. मी रोज सकाऊन बसते आन डोक्यात येते, आज जर तिच्या तोंडून जैबुन निंगालं तं मी काय करीन. या वयात मले जैबुन मननारी कोनी राह्यलीच नाई, सारे अम्मी, मावशी, बांगडीवाली. दुसरं कोनी मनलं असतं तं बरं वाटलं असतं. तिनं नोको मनाव.

आन दुसरीकडून पाहा, मले तरास होऊ नोये मनून दुपारचं सारं रांधणं बाहीरच्या चुलीवर, तिकडं गोठ्यामांगं, फोडणीचा वास मले येऊ नोये मनून. स्वता बी दुपारी जेवत नाई. मी मनलं, तू काऊन उपाशी राह्यतं, तुले कोनता रोजा, तं ते उठून ढोराले पानी पाजाले गेली. सांगा आता, अशा मानसाचं काय कराव. डोकं आपटाव वाटते.

आता तो येक शब्द सांगते. या गावात मस्जिद नाई, अजान नाई. टाइमटेबलचा कागद मी रागात घुग्घुसलेच सोडून आली. पह्यल्याच संध्याकाळी मी आंगनात बसून राह्यली, रोजा कधी सोडू, झाडाईमुळं दिवस दिसत नाई इथून. सई हातातलं काम ठेवून पाळीवर गेली, पिपरीखाली उभी राह्यली, तिथून तलावाच्या पल्ल्याड सूर्य सीधा दिसते. पुरा जाऊ देल्ला तिनं त्याले, मंग आली, मायासमोर पानी ठेवलं आन मनली, बुडला. बस. तवापासून रोज, बुडला. मांगंपुढं काई नाई. ना सई, ना जैबुन. येवढ्या येका शब्दावर मी दिवस काढून राह्यली.

सलीम रोज रामदासच्या फोनवर फोन करते. मी घेत नाई. ईदले न्याले येतो मने. येऊ दे. मी पन काल संध्याकाळी सारं बोलून टाकलं तिच्यापुढं. मी मनलं, आयक, तुया सासूनं पिपरच पाह्यजे असं नाई सांगतलं, त्या दिवशी घरात पिपरच होती मनून ते झालं. नवा पाला मनली होती बुढी. पाला तो पाला. पिपर गेली तं चिच हाये अजून, तिचा तं पाला आत्ता फुटून राह्यला. मंग मोह हाये, मंग कुड्याचं फूल हाये, सालभर काईना काई निंगतेच. मी इथी बसीन. कुड्याच्या फुलापर्यंत बसीन, पोट्ट्याले ईद येकट्याले करू दे. ते चूल पुसत राह्यली. पन नजर येकदा वर गेली, चिचीकडं, मी पाह्यली.

आन आज दुपारपासून ते आकडी घेऊन झाडाखाली. चिचीचा कोवळा पाला मनजे बाई, असा नाजूक, हिरवट-गुलाबी, बोटात धरला का चुरा होते, तोंडात टाकला का डोये मिटते. त्याले उकडाचं नाई, चुरगाळून सीधा शिजत्या दारीत टाकाचा, संगं उलीसी सुकट असन तं मंग इचारूच नोका. मी तोडू लागू काय मनलं नाई. गेली नाई. तुमच्याशी बोलत बसली. तुमी बऱ्या आल्या, नाईतं मी येकटी बसून काय केलं असतं, आंगन उपटलं असतं.

पाहा, चूल पेटली. आज घरातल्याच चुलीवर ठेवलं तिनं, बाहीर नाई. लसनाचा वास येऊन राह्यला न? येऊ द्या.

दिवस कलला बाई आता. ते पाहा, चालली पाळीवर. पाय दुखते तिचे, चढाले तरास होते, पन रामदासले पाठवत नाई, दुसऱ्याच्या डोयाचा भरोसा नाई तिले. पिपरीले हात लावून उभी हाये. मी काऊन बोलू आता, गळा सुकला माया. थांबा उलीसं.

आली. गंज घेऊन आली.

ऐकलं काय तुमी? बाई, काय मनली ते? बुडला, सई, मनली. मायाच कानाचा मले भरोसा नाई राह्यला, तुमी जवळ होत्या, तुमीच सांगा, सई मनली न? हे पह्यले लिवा. पाल्याचं मंग लिवजा.

अल्ला तुमचं भलं करो. खजूर राहू दे सई, खजूर मंग, पह्यले हे. उठू नोका बाई, तुमी बी हात धुवा, बसा, भात खूप हाये. फक्त पह्यला घास आमचा होऊ द्या. सरका उलीसे.